नऊशे षटकोन आणि एक साचा

कॅडवर काम चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ऑफिसात एक यादी फिरत असते. कधी ती भिंतीवर चिकटवलेली असते, कधी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मेलने येते. स्क्रूचे आटे मॉडेल करू नका. कडांची गोलाई सगळ्यात शेवटी द्या. एकच भाग दहा ठिकाणी लागत असेल तर दहा वेळा काढू नका. बाहेरून आलेली फाईल आहे तशी आत घुसवू नका. न वापरलेला कचरा काढून मगच सेव्ह करा. का? तर फाईल मोठी होते. बस्स, इतकंच कारण.

यादी बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण "फाईल मोठी होते" हे काही कारण नव्हे, तो परिणाम झाला. डिस्क इतकी स्वस्त झाल्यावर "होऊ दे की मोठी!" असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला काय उत्तर द्यायचं?

पोटापाण्यासाठी मी कॅडच्या फायली वाचणारं आणि लिहिणारं सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे या फायलींच्या पोटात काय काय असतं ते रोज बघावं लागतं. बघता बघता लक्षात आलं की यादीतल्या प्रत्येक नियमामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि त्या सगळ्या गोष्टी ओळीने लावल्या की एकच मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. या वीकांताला त्या ओळीने लावून बघतो. तांत्रिक शब्द थोडे येतील, पण ज्यांनी कॅड कधी उघडलेलं नाही त्यांनाही कळावं असा प्रयत्न आहे.

३०० केबीत मावलेलं चित्र

जानेवारी १९६३. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड नावाच्या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. विषय 'स्केचपॅड', म्हणजे पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून संगणकाशी चित्रातून बोलणं. काम झालं होतं लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकावर. त्या काळात हे यंत्र म्हणजे ऐरावत. पण स्मृती किती? ३६ बिटांचे सुमारे ६५ हजार शब्द. आजच्या हिशोबात ३०० केबीच्याही किंचित आत. मोबाईलवरून व्हॉट्सॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्यात मावला तर मावला. :)

एवढ्याशा जागेत चित्र ठेवायचं म्हणजे प्रत्येक शब्द मोजून वापरायचा. सदरलंडने दोन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट अशी. रेषा साठवताना त्याने तिच्या टोकांचे आकडे रेषेपाशी लिहिले नाहीत. बिंदू वेगळे साठवले, आणि रेषेपाशी फक्त "माझी टोकं तो बिंदू आणि तो बिंदू" एवढंच लिहिलं. दोन रेषा एका कोपऱ्यात भेटत असतील तर कोपरा एकच, त्याची नोंदही एकच. जागा वाचली हे झालंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कोपरा हलवला की दोन्ही रेषा आपोआप त्याच्यामागे जातात. त्या "जोडलेल्या आहेत" हे संगणकाला ठाऊक असतं. नुसते योगायोगाने एके ठिकाणी आलेले आकडे नव्हेत ते.

दुसरी गोष्ट म्हणजे साचा आणि त्याचे ठसे. एक मूळ आकृती काढायची. ती जिथे जिथे हवी तिथे पुन्हा काढायची नाही, फक्त "इथे, एवढ्या आकाराची, एवढी फिरवून" अशी नोंद ठेवायची. प्रबंधात षटकोनांच्या जाळीचं उदाहरण आहे. सुमारे ९०० षटकोन. विचार करण्याच्या वेळेसकट साधारण अर्ध्या तासात ती जाळी तयार झाली. कागदावर छापून घ्यायला आणखी २५ मिनिटं. ड्राफ्टिंग खात्याचा हाताने काढण्याचा अंदाज होता दोन दिवसांचा. आणि खरी गंमत पुढेच. साचा बदलला की ९०० च्या ९०० ठसे बदलणार. षटकोनाऐवजी माशाच्या खवल्यासारखी जाळी हवी? एकच आकृती बदला, झालं.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही म्हणा. एखाद्या मावशीने दुसरीला फोनवर रांगोळी सांगताना ऐका. "नऊ ते पाच ठिपके, मधल्या ठिपक्यांची." संपलं. मधली ओळ नऊची, मग दोन्ही बाजूंना आठ, सात, सहा, पाच. एकूण ६१ ठिपके, आणि निरोप दोन आकड्यांचा. समोरचीला रांगोळी घालता येते म्हणून तो पुरतो. फोनवर एकेका ठिपक्याची जागा सांगत बसलं तर सकाळ संपेल, आणि एवढं करून ऐकणारीला हा षटकोनी पट आहे हे कळेलच असं नाही.

यादीतला "दहा वेळा काढू नका" हा नियम इथून आलाय. छोटी नोंद म्हणजे कंजूषपणा नव्हे. काढणाऱ्याला काय कळलंय ते त्या नोंदीत लिहिलेलं असतं, म्हणून ती छोटी असते.

वक्राचे चार बिंदू

सरळ रेषांचं झालं. पण मोटारीच्या बॉनेटवर सरळ रेषा औषधालाही नसते. त्या काळी मोटारीचा आकार पूर्ण मापाच्या ड्रॉइंगांवर आणि लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या मूळ नमुन्यावर जपून ठेवलेला असे. दोन उभ्या छेदांच्या मधला भाग कारागीर डोळ्याने आणि हाताने जुळवायचा. आता हे आकड्यांत कसं लिहायचं? वक्रावरचे हजारो बिंदू मोजून ठेवायचे?

फ्रान्समधल्या दोन मोटार कंपन्यांत दोन माणसांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच उत्तर शोधलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो याने १९५९ मध्ये, आणि रेनोमध्ये पिएर बेझिए याने १९६० च्या दशकात. सित्रोएनने आपल्या माणसाचं काम गुपित ठेवलं, रेनोच्या बेझिएने आपलं छापून आणलं, म्हणून आज तो वक्र बेझिएच्या नावाने ओळखला जातो. (गुपित ठेवण्याचे तोटे!)

उत्तर असं. वक्राला चार बिंदू द्या, दोन टोकांचे आणि दोन त्याला आपल्याकडे ओढणारे. मधला सगळा वक्र सूत्रातून निघतो. चार बिंदू म्हणजे १२ आकडे, आजच्या नेहमीच्या पद्धतीने ९६ बाइट. बॉनेटसारख्या पृष्ठभागाचा एक तुकडा १६ बिंदूंत बसतो. आणि हा वक्र कितीही जवळ जाऊन पाहा, तो कधी तुटक दिसत नाही, कारण तो रेषांच्या तुकड्यांचा बनलेलाच नाही.

याच्या उलट तुकड्यांनी काम भागवायचं ठरवलं तर काय होतं ते एका सोप्या हिशोबाने बघू. ५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ घ्या. ते सरळ तुकड्यांनी काढायचं आणि चूक ०.०१ मिमीच्या वर जाऊ द्यायची नाही. किती तुकडे लागतील? सुमारे १५७. तेच वर्तुळ म्हणून लिहिलं तर? केंद्र आणि त्रिज्या. हे १५७ लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

कृती ठेवायची की पदार्थ?

१९७० च्या दशकात प्रश्न आला घन वस्तूंचा. वस्तू आतून भरीव आहे हे संगणकाला कसं सांगायचं? इथे दोन घराणी तयार झाली.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अरिस्टिडीस रेकिचा यांचा गट होता. त्यांचं म्हणणं, कृती लिहून ठेवा. हा ठोकळा, त्यातून हा दंडगोल वजा, त्याला हा दुसरा ठोकळा जोडलेला. त्यांच्या पॅडल या भाषेत वस्तू म्हणजे चक्क काही ओळींचा मजकूर. फाईल एवढीशी. पण कोणी विचारलं, "या वस्तूला कडा किती, कुठून कुठपर्यंत?" तर आधी सगळी कृती करून बघावी लागणार.

इंग्लंडात केंब्रिजला इयन ब्रेड आणि मंडळी दुसऱ्या टोकाला. त्यांनी तयार पदार्थच ठेवला. प्रत्येक पृष्ठ, प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा, आणि कोण कोणाला चिकटलंय त्याचा नकाशा. याच मंडळींच्या शेप डेटा कंपनीने १९७८ मध्ये रोम्युलस हे इंजिन बाजारात आणलं. पुढे त्याच कंपनीतून पॅरासॉलिड आलं, आणि सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, एनएक्स अशी बरीच पॅकेजं आजही त्याच्यावर चालतात.

पदार्थ ठेवण्याची किंमत किती पडते? साधा ठोकळा घ्या. ६ पृष्ठं, १२ कडा, ८ कोपरे. आता त्याच्या सगळ्या कडा गोल करा. ६ सपाट पृष्ठं तशीच राहिली, १२ कडांच्या जागी १२ दंडगोली पट्ट्या आल्या, ८ कोपऱ्यांच्या जागी गोलाचे ८ तुकडे. झाली २६ पृष्ठं, ४८ कडा, २४ कोपरे! कृतीत मात्र भर पडली एका ओळीची, "सगळ्या कडा, त्रिज्या अमुक." त्यानंतर तुम्ही त्या ठोकळ्याला जे जे काही कराल, भोक पाडाल, कापाल, जोडाल, ते या २६ पृष्ठांशी झटापट करत होणार. म्हणून यादीत लिहिलेलं असतं, गोलाई शेवटी द्या. ही काही सौंदर्यदृष्टी नाही, चौपट हिशोब टाळायची सोय आहे.

फ्लॉपीचे दिवस

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोडेस्क नावाच्या नवख्या कंपनीने ऑटोकॅड मांडलं. ड्रॉइंग करणारं सॉफ्टवेअर आता टेबलावरच्या पीसीवर आलं, पण सदरलंडच्या वेळची टंचाईही पुन्हा आली. फ्लॉपी ३६० केबीची. इमारतीचा नकाशा त्यात बसवायचा, आणि नकाशात खिडक्या पन्नास.

उत्तर तेच, नाव नवं. ब्लॉक. खिडकी एकदा काढा, ब्लॉक करा, पन्नास ठिकाणी घाला. १९९० च्या अकराव्या आवृत्तीत त्याच्या पुढचं पाऊल आलं, ते म्हणजे बाहेरची अख्खी फाईलच संदर्भ म्हणून जोडायची. स्ट्रक्चरवाल्याचं ड्रॉइंग आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये दिसतं, पण त्यात उतरवलेलं नसतं.

ज्यांनी त्या पिढीतली ड्रॉइंगं हाताळली आहेत त्यांना 'एक्स्प्लोड' ही आज्ञा आठवत असेल. ब्लॉक फोडून त्याच्या सुट्या रेषा करायच्या. घाईत असलेला माणूस खिडकीची एक रेघ सरकवायला ब्लॉक फोडतो. त्या क्षणी "ही खिडकी आहे" हे ज्ञान फाईलमधून जातं, आणि त्याच्या जागी रेषांचा ढीग येतो. ज्ञान कमी, बाइट जास्त! आणि दुसरी आज्ञा 'पर्ज', म्हणजे जे साचे आता कुठेच वापरलेले नाहीत ते फेकायची. कचरा काढण्याचा नियम तिथला.

१९८८: दोन्ही ठेवू या

कृती की पदार्थ हा वाद मिटवला सॅम्युअल गाइसबर्ग यांनी. सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेले हे गणिती. १९८५ मध्ये त्यांनी पीटीसी कंपनी काढली, आणि १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर आलं. त्यात पडद्याच्या कडेला कृतीची यादी असते, ही पट्टी काढली, हे भोक पाडलं, ही गोलाई दिली. मापं नुसते आकडे नसतात, ती बदलता येतात आणि एकमेकांशी बांधता येतात. भोकाचा व्यास बदलला की सगळी कृती वरून खालपर्यंत पुन्हा होते आणि नवा पदार्थ तयार. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने हीच पद्धत साध्या विंडोज पीसीवर आणली.

पण याचा फाईलवर काय परिणाम झाला बघा. आता फाईलमध्ये कृतीही आली, आणि उघडताना दर वेळी सगळं शिजवत बसायला नको म्हणून तयार पदार्थही आला. पडद्यावर झटकन दाखवण्यासाठी त्या पदार्थाचे त्रिकोण आले. वर फोल्डरमध्ये दिसायला एक छोटं चित्र. एकाच वस्तूची तीन-चार रूपं, एकाच फाईलमध्ये. प्रो-इंजिनिअर तर दर सेव्हला नवी फाईल करायचं, नावापुढे .१, .२, .३ असे आकडे लावून. दिवसभरात चाळीस वेळा सेव्ह करणाऱ्याच्या फोल्डरमध्ये संध्याकाळी चाळीस फायली. तिथेही 'पर्ज' होतीच.

म्हणजे १९८८ नंतर "फाईल मोठी का?" या प्रश्नाला एक उत्तर उरलं नाही. कृती लांबली म्हणून मोठी, की पदार्थ किचकट म्हणून, की नुसते दाखवायचे त्रिकोण बारीक म्हणून? उपाय तिन्हींचे वेगळे.

आट्यांचा नियम इथे बघण्यासारखा आहे. एम-१० चा बोल्ट, नेहमीचा पिच दीड मिमी, ४५ मिमी लांबीवर आटे. म्हणजे ३० वेढे. ते खरोखर कोरले तर त्या नागमोडी पृष्ठांचं वर्णन करायला बेझिएच्या वंशातले ढीगभर बिंदू लागतात. आणि उपयोग? भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमधल्या माणसाला "एम-१०" एवढं सांगितलं की पुरतं, तो टॅप उचलतो. हाताने ड्रॉइंग काढणारेसुद्धा आटे कधी जसेच्या तसे काढत नसत, दोन बारीक रेषा ओढून मोकळे होत. त्या रेषांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मग संगणक आला म्हणून ते वेढे कोरत बसायचं कारण काय?

तीस लाख भाग

१२ जून १९९४ ला बोइंग ७७७ पहिल्यांदा उडालं. पूर्णपणे संगणकावर आरेखित झालेलं हे पहिलं प्रवासी जेट. सॉफ्टवेअर होतं फ्रान्सच्या दासो कंपनीचं कॅटिया. बोइंगनेच दिलेले आकडे मोठे बोलके आहेत. वेगवेगळे आरेखित भाग १,३२,५००. रिवेट, बोल्ट वगैरे धरून विमानातले एकूण भाग ३० लाखांहून जास्त. सदरलंडचे ९०० षटकोन इथे येऊन पोचले.

एवढं सगळं एकदम पडद्यावर आणून त्यातून हिंडायचं, पाइप कुठे खांबाला अडतोय ते बघायचं, तर कॅटियाचं अचूक मॉडेल जड पडायचं. म्हणून बोइंगने स्वतःचं 'फ्लायथ्रू' लिहिलं. त्यात फक्त बघण्यापुरतं, त्रिकोणांनी बनवलेलं हलकं रूप. बदल करायचा तर मूळ मॉडेलकडे जा, बघायचं तर हलकं रूप घ्या. आज मोठ्या असेंब्लीतले 'लाइटवेट' वगैरे पर्याय याच विचाराचे. यात एक अट मात्र पाळलेली होती. हलकं रूप हे मूळ मॉडेलची जागा घेत नव्हतं. मूळ कुठे आहे ते माहीत होतं.

फेकलं काय, उरलं काय

आता गोष्टीची दुसरी बाजू. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची तर? १९८० मध्ये अमेरिकेत आयजेस हे अदलाबदलीचं रूप प्रसिद्ध झालं. ते पंचकार्डाच्या ८० रकान्यांच्या ओळींत लिहायचं. त्यातले शेवटचे आठ रकाने नुसते विभागाचं अक्षर आणि ओळीचा नंबर लिहिण्यात जात. दहावा हिस्सा तिथेच खर्च. १९९० च्या दशकात आयएसओचं स्टेप आलं, ते बरंच शहाणं. तरी रोजच्या वापरातल्या आयजेस काय किंवा स्टेप काय, त्यात पदार्थ जातो, कृती जात नाही. समोरच्याला मिळतो एक दगडासारखा मुका घन. भोक दिसतं, पण "हे भोक काठापासून इतक्यावर असायलाच हवं" हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने त्रिमित छपाईसाठी एसटीएल आणलं. त्यात तर पदार्थही अख्खा जात नाही, फक्त त्रिकोण. आता ते मघाचे १५७ काढा. तीच ५० मिमी त्रिज्या, तीच चूक ०.०१ मिमी, पण या वेळी भरीव दंडगोल. बाजूचे ३१४ त्रिकोण, वरखालच्या झाकणांचे ३१०, एकूण ६२४. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट आणि सुरुवातीचे ८४. झाले ३१,२८४ बाइट. तोच दंडगोल "केंद्र, अक्ष, त्रिज्या, उंची" असा लिहिला तर ८ आकडे, ६४ बाइट. जवळजवळ ४९० पट फरक!

शिवाय एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही कोपरे स्वतःपाशी लिहून ठेवतो. बंद जाळीत एका कोपऱ्याभोवती सरासरी सहा त्रिकोण येतात, म्हणजे तोच कोपरा सहा वेळा. १९६३ मध्ये सदरलंडने जे टाळलं होतं, ते २४ वर्षांनी पुन्हा दारात! २०१५ मध्ये आलेल्या थ्रीएमएफने कोपरे वेगळे लिहून त्रिकोणांत फक्त त्यांचे क्रमांक ठेवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एसटीएल वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. इतकं सोपं होतं म्हणूनच ते सगळीकडे पोचलं. पण ते छापायला पाठवायचं रूप आहे, जपून ठेवायचं नाही.

मुक्या घनातून कृती परत काढता येते का? या प्रश्नावर आपल्याकडे चांगलं काम झालंय, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. गोदरेज समूहातून निघालेली, मुंबई-पुण्यात काम करणारी जिऑमेट्रिक सॉफ्टवेअर ही कंपनी. सॉलिडवर्क्सबरोबर मिळणारं 'फीचरवर्क्स' तिचं. बाहेरून आलेल्या मुक्या घनाकडे बघून ते ओळखतं, हे भोक असावं, ही गोलाई असावी, आणि तशी कृतीची यादी बांधतं. (ही कंपनी २०१७ मध्ये एचसीएलमध्ये गेली.) आमटी चाखून मसाला ओळखण्यासारखंच हे. चांगल्या सुगरणीला जमतं. पण "गूळ घातलाय" हे ओळखणं वेगळं, आणि "आज पाहुण्यांना आंबट चालत नाही म्हणून गूळ जास्त घातलाय" हे कळणं वेगळं. दुसरं कुठल्याही सॉफ्टवेअरला आमटीतून काढता येणार नाही. ते स्वयंपाक करणाऱ्यानेच लिहून ठेवायला हवं होतं.

८६ बोल्ट

याचा अर्थ मला नीट कळला तो एका पंपाच्या असेंब्लीमुळे. आमच्याकडे आली तेव्हा ती उघडायलाच बारा मिनिटं लागत होती. आत पाहिलं तर ८६ बोल्ट, प्रत्येकाची फाईल वेगळी, 'सेव्ह ॲज' करून केलेली. प्रत्येकात खरे कोरलेले आटे, आणि डोक्यावर उठावाची अक्षरं. पंपाच्या अख्ख्या बॉडीपेक्षा एकेक बोल्ट जड.

आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "एक साधा बोल्ट करतो, आणि ८६ ठिकाणी तोच लावतो. तासाभराचं काम." बरोबरच होतं ते. पण आधी सगळ्यांची मापं जुळवून पाहिली तर दोन बोल्ट ५ मिमी लांब निघाले. आता आली का पंचाईत? ती चूक होती, की मुद्दाम केलेलं? ८६ वेगळ्या फायलींमध्ये ते सांगणारं काहीच नव्हतं. मूळ काढणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. शेवटी क्लायंटच्या शॉपमधल्या एका जुन्या फिटरला फोन लागला, त्याने एका वाक्यात सांगितलं, "तिथं ब्रॅकेट येतं ना साहेब, खाली जाड वायसर लागतो."

म्हणजे दोन बोल्ट खरोखरच वेगळे होते. मूळ आरेखकाने सुरुवातीलाच दोन साचे केले असते, एक नेहमीचा ८४ ठिकाणी आणि एक 'ब्रॅकेटचा' दोन ठिकाणी, तर फाईल पिटुकली झाली असतीच, शिवाय हा फरक नावासकट फाईलमध्ये राहिला असता. आम्ही त्या दिवशी फाईल लहान केली ती फिटरच्या डोक्यातली माहिती आत घालून. आणि तो फिटर दोनेक वर्षांत रिटायर होणार होता.

तर "होऊ दे की मोठी" म्हणणाऱ्याला माझं उत्तर हे. डिस्क स्वस्त झाली हे खरं. पण फुगलेली फाईल बहुतेक वेळा हे सांगत असते की काढणाऱ्याला जे माहीत होतं ते आत लिहिलेलं नाही. वर्तुळ ठाऊक होतं, लिहिले तुकडे. बोल्ट एकच ठाऊक होता, लिहिले ८६. आणि उलटंही खरं. फाईल लहान करायच्या नादात कृती पुसून मुका घन ठेवला, तर आकडा लहान दिसेल, पण पाच वर्षांनी माप बदलायची वेळ आली की फोन करायला फिटर शोधावा लागेल.

म्हणून मी नव्या मुलांना हल्ली यादीऐवजी तीन प्रश्न देतो. हे आधी कुठे काढलंय का? असेल तर त्याचाच ठसा घ्या. हे कोणाला बघायचंय, बनवायचंय की बदलायचंय? त्याप्रमाणे रूप निवडा, पण मूळ जपा. आणि जे काढून टाकताय ते एका शब्दात कुठेतरी लिहिलंय का? "एम-१०" लिहिलं असेल तर आटे खुशाल पुसा.

३०० केबीत काम करणाऱ्या त्या मुलाला हे प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्याला आहे, एवढाच फरक. असो. पुढच्या वीकांताला बेझिएच्या वक्रांकडून अक्षरांच्या फॉन्टकडे जायचा विचार आहे. तोवर आपापल्या फोल्डरात एकदा 'पर्ज' करून घ्या!